बर्फावर गोल्फ: जागा निवडण्यापासून चेंडू वेचण्यापर्यंत

गोल्फच्या अधिकृत नियमावलीत बर्फ ही वाटेत आलेली अडचण आहे. नैसर्गिक बर्फ खेळाडूने हवा तर सुट्या पालापाचोळ्यासारखा बाजूला सारावा, नाहीतर तात्पुरतं साचलेलं पाणी समजून दंडाचा फटका न मोजता चेंडू दुसरीकडे ठेवावा, असे दोन पर्याय नियम देतो. नजर जाईल तिथवर सगळंच पांढरं असेल, तर या दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून उन्हाळ्यातला खेळ गरम कपडे घालून खेळला की बर्फावरचं गोल्फ झालं, असं होत नाही. त्या दिवशी पायाखाली कोणता बर्फ आहे, किती घट्ट आहे, ऊन कधी पडणार, हे आधी बघायचं आणि त्यावरून मैदान, चेंडू, क्लब (चेंडू मारायच्या काठ्या), फटके आणि नियम ठरवायचे. या लेखातली प्रत्येक सूचना या एका गोष्टीवरच उभी आहे.

प्रकार नवा नाही. १७व्या शतकात हॉलंडचे कालवे आणि नद्या गोठत, तेव्हा लोक त्यावर ‘कोल्फ’ खेळत. हेन्ड्रिक आव्हरकाम्प (१५८५–१६३४) या चित्रकाराच्या हिवाळी चित्रांत स्केटिंग करणाऱ्यांच्या गर्दीत वाकड्या टोकाची काठी घेऊन चेंडू मारणारी माणसं दिसतात. आज ग्रीनलंड, अलास्का, स्वित्झर्लंड, सैबेरियातलं बैकाल सरोवर अशा ठिकाणी स्पर्धा झालेल्या आहेत. पण स्पर्धेची वाट बघण्याची गरज नाही. चार जण, दोन फावडी, एक झाडू आणि एक मोकळी सुरक्षित जागा एवढ्यावर सहा होलचं (चेंडू टाकायच्या भोकांचं) मैदान तयार होतं.

आधी पायाखालचा बर्फ ओळखा

ढोबळमानाने तीन पृष्ठभाग भेटतात. पहिला ताजा, भुसभुशीत बर्फ. यात पाय घोट्याच्या वर रुततो आणि चेंडू पडल्या जागी गडप होतो. दुसरा दाबलेला किंवा वर कडक पापुद्रा धरलेला बर्फ. यावर चेंडू उसळतो, पुढे धावतो आणि बहुतेक वेळा दिसत राहतो. तिसरा म्हणजे गोठलेलं पाणी: तळं, नदी, खाडी. इथे चेंडू थांबायचं नावच घेत नाही.

चाचणी सोपी आहे. कमरेच्या उंचीवरून चेंडू खाली सोडा. तो पूर्ण आत गेला, तर तिथे आज फेअरवे (होलकडे जाणारा खेळायचा मोकळा पट्टा) होणार नाही. आधी तुडवून घट्ट करावं लागेल. अर्धा रुतला तर उंच फटके चालतील, पण घरंगळणारे नाहीत. टणकन उसळला तर जमिनीलगतचा खेळ खेळा. ही चाचणी सकाळी एकदा करून भागत नाही. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी टणक असतो, दुपारच्या उन्हात वरचा थर ओला होतो आणि चेंडूला बर्फ चिकटून त्याचा लाडू होऊ लागतो. सकाळी नऊला आखलेलं अंतर दुपारी एकला खरं राहत नाही. शक्य असेल तर खेळ सकाळीच उरका.

तळ्यावर जाणार असाल तर

या भागात घाई करू नका. स्वच्छ, निळसर-काळपट, पारदर्शक नवा बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड असेल, तर एकटा माणूस त्यावर चालू शकतो, असं सर्वसाधारणपणे मानतात. चार-पाच जण एका होलभोवती गोळा होणार, सामानाची घसरगाडी आणणार, तर त्याहून बरीच जास्त जाडी हवी. पांढरट, बुडबुडे असलेला बर्फ स्वच्छ बर्फाच्या निम्म्याच ताकदीचा धरा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. समुद्राचा बर्फ खारा असतो, त्यामुळे गोड्या पाण्याच्या बर्फाइतका मजबूत नसतो. भरती-ओहोटीने किनाऱ्याजवळ त्याला भेगाही पडतात. तिथे स्थानिक माहितगाराशिवाय पाऊल टाकू नये.

एका जागी जाडी मोजून संपूर्ण तळ्याचा अंदाज बांधता येत नाही. ओढा जिथे मिळतो, पुलाखाली, झऱ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्यांच्या कडेने बर्फ पातळ असतो. वर जाड हिम साचलं असेल, तर ते पांघरुणासारखं काम करतं आणि खालचं पाणी जोमाने गोठू देत नाही. शिवाय स्वतःचं वजन टाकतं ते वेगळंच. म्हणून जिथे खेळणार त्या सगळ्या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडून मोजायचं आणि त्या हद्दीवर काठ्या रोवायच्या. चेंडू काठीपलीकडे गेला, तर तो गेला. एका चेंडूसाठी हद्द ओलांडायची नाही, हा नियम खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना स्पष्ट सांगा.

प्रत्येकाच्या गळ्यात हाताने धरायचे दोन टोकदार आइस पिक असावेत. गटात एक लांब दोर आणि एक शिट्टी हवी. कोणी पाण्यात पडलंच तर १-१०-१ हा क्रम लक्षात ठेवा: पहिलं सुमारे १ मिनिट धापा टाकणारा श्वास ताब्यात आणण्यासाठी, पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात ती बाहेर पडण्यासाठी, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. घाबरून पहिल्या मिनिटातच दम घालवू नका. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन आधी पेललेलं असतं. पाय जोरात मारत शरीर आडवं करा, पिक रोवून स्वतःला वर ओढा आणि उभं न राहता लोळत दूर जा. बाकीच्यांनी धावत काठाशी जायचं नाही. आडवं पडून दोर फेकायचा.

मैदान आखणं

नेहमीच्या गोल्फ कोर्सवर हिम पडलंय म्हणून त्याच ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) खेळावं, असा मोह होतो. तो टाळा. गोठलेल्या गवतावर पाय पडला की त्याच्या पेशी फुटतात. ग्रीनवरचं हिम तुडवून दाबलं की खाली बर्फाचा थर धरतो, गवत गुदमरतं आणि वसंतात त्यावर बुरशीचे चट्टे दिसतात. कोर्सच्या देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्या आणि खेळायचं लक्ष्य ग्रीनपासून दूर, फेअरवेच्या कडेला किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) बनवा. ज्या माणसाने वर्षभर ते गवत जपलं, त्याच्या कामाचा एवढा मान ठेवलाच पाहिजे.

अठरा होलचा विचार नको. सहा पुरे, नऊ म्हणजे भरपूर. अलास्कातल्या नोम गावी मार्च महिन्यात गोठलेल्या बेरिंग समुद्रावर जी धर्मादाय स्पर्धा होते, तीही सहा होलचीच असते. तिथे लोक नाताळानंतर टाकून दिलेली ख्रिसमस झाडं समुद्राच्या बर्फात रोवून ‘जंगल’ उभं करतात. कल्पना उचलण्यासारखी आहे. सपाट पांढऱ्या मैदानात डोळ्याला अंतर कळत नाही, आणि एखादं झाड, रंगीत पिंप किंवा काठीला बांधलेलं कापड असलं की नेम धरायला काहीतरी मिळतं. अंतरं आखूड ठेवा: ६० ते १५० मीटरचे पार-३ (तीन फटक्यांत पुरे व्हावेत असे होल) आणि फार तर एखादा २५० मीटरचा पार-४.

ग्रीनच्या जागी जे असतं त्याला खेळाडू ‘व्हाइट’ म्हणतात. सगळी मेहनत इथे घाला. जागा निवडून सुमारे आठ-दहा मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. हिमावर असाल तर स्नो-शू किंवा स्की घालून किंवा रोलर फिरवून ते समान दाबा, फावड्याच्या पाठीने सपाट करा आणि तसंच रात्रभर सोडा. ही रात्रभराची विश्रांती सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. तुडवल्याने हिमाचे कण एकमेकांजवळ येतात, मग थंडीत हळूहळू त्यांच्या टोकांना जोड बसतात आणि संपूर्ण थर घट्ट होतो. लगेच खेळायला घेतलं तर पहिल्याच चार पावलांत त्याची चाळण होते. सकाळी पुन्हा एकदा वरून झाडू मारला की पृष्ठभाग तयार.

तळ्यावर उलटं काम असतं. तिथे गुळगुळीतपणा कमी करायचा असतो. फावड्याच्या धारेने बर्फ हलका खरवडून वर थोडी पूड राहू दिली, की चेंडूला पकड मिळते. अगदी आरसा ठेवलात, तर तीन मीटरचा पट (होलकडे घरंगळवायचा हलका फटका) दहा मीटर जाईल.

नेहमीच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. बर्फावर तो मोठा घ्या. बर्फातल्या मासेमारीसाठी जे मोठं गिरमिट वापरतात, त्याचं पातं १५ किंवा २० सेंटिमीटरचं असतं आणि तेच इथे बरोबर बसतं. मात्र भोक आरपार पाडायचं नाही, नाहीतर पाणी वर येऊन व्हाइटवर पसरेल. दहा-बारा सेंटिमीटर खोली पुरते. अर्थात खाली त्याहून भरपूर जाड बर्फ शिल्लक असेल तरच. हिमावर एखादा रुंद डबा गाडून टाका. झेंड्याची काठी उभी करायला ओल्या हिमाचा लगदा बुंध्याशी भरा; काही मिनिटांत गोठून ती पक्की होते. भोक पाडणं शक्यच नसेल तर व्हाइटच्या मधोमध खांब रोवा आणि खांबाला चेंडू लागला की होल पूर्ण धरा.

मैदान आदल्या दिवशी आखा, आठवड्याआधी नको. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, उम्मानाक नावाचं बेट आहे. तिथे १९९९ मध्ये पहिली जागतिक आइस गोल्फ स्पर्धा झाली. गोठलेल्या फियोर्डवर (समुद्राच्या अरुंद खाडीवर) अडकून पडलेल्या हिमनगांमधून तिथलं मैदान काढत, आणि ते दर वर्षी नव्याने आखावं लागे, कारण समुद्र कसा गोठेल आणि हिमनग कुठे अडकतील हे आधी सांगता येत नसे. बर्फ साथ देईना म्हणून ती स्पर्धा रद्दही करावी लागलेली आहे. एवढा खटाटोप करणारे आयोजकही बर्फापुढे माघार घेत. आपणही घ्यायला शिकावं.

चेंडू आणि क्लब

पांढरा चेंडू घरी ठेवा. रुडयार्ड किपलिंग १८९२ ते १८९६ या काळात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहत असताना हिमात गोल्फ खेळत आणि त्यासाठी त्यांनी चेंडू लाल रंगवले होते. आज बाजारात भडक नारिंगी, लाल, गुलाबी चेंडू तयार मिळतात. चमक नसलेला, मॅट रंग घ्या. चकाकणारा पृष्ठभाग उन्हात पांढराच भासतो. पिवळा मला पसंत नाही, ढगाळ प्रकाशात तो हिमात मिसळून जातो.

चेंडू मऊ, कमी कॉम्प्रेशनचा (फटक्याला सहज दबणारा), साध्या दोन थरांचा घ्या. थंडीत आतलं रबरासारखं द्रव्य ताठर होतं आणि क्लबवरून चेंडू कमी वेगाने सुटतो. त्यात हवा दाट असते: २० अंश सेल्सिअसला घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, उणे २० अंशांना सुमारे १.४ किलो. दोन्ही मिळून फटका आखूड पडतो, तेव्हा नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब घ्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. राखीव चेंडू आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. औपचारिक नियमांनुसार चेंडूचा गुण बदलावा म्हणून तो मुद्दाम तापवणं मना आहे, त्यामुळे स्पर्धेत हात शेकायच्या पुड्यांजवळ चेंडू दडवू नये. मित्रांमधल्या खेळात काय चालेल ते आधी ठरवा.

क्लब चारच पुरतात: लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड किंवा ५ नंबरचा वुड, मधल्या अंतरासाठी ७ नंबरचं आयर्न, रुतलेला चेंडू उचलायला रुंद तळाचा सँड वेज आणि पटसाठी पटर. जुने, ओरखडे पडले तरी चालतील असे आणा. कडक बर्फावर आयर्न आदळतं तेव्हा दांडा आणि मनगट दोन्ही हादरतात. कडाक्याच्या थंडीत ग्राफाइटपेक्षा स्टीलच्या दांड्यावर माझा विश्वास जास्त आहे. प्लॅस्टिकचे टी (चेंडू टेकवायच्या खुंट्या) थंडीत कटकन मोडतात. हिमात लांब लाकडी टी, तळ्यावर सराव-मॅटवरचा रबरी टी वापरा. काहीच नसेल तर मुठीने दाबून हिमाची छोटी ढेकळी करा आणि तिच्यावर चेंडू ठेवा. लाकडी टी येण्याआधी गोल्फर ओल्या वाळूची अशीच ढेकळी करत.

अंगावर काय

एकच जाड कोट घातला की खांदे फिरत नाहीत. अंगालगत घाम बाहेर ओढून टाकणारा थर (सुती नको), वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जाकीट. दोन्ही हातांत हिवाळी गोल्फचे मोजे आणि दोन फटक्यांच्या मधे त्यावर सैल जाड मिटन. बुटांना पट्ट्याने बांधायचे धातूचे काटे लावा. गोल्फ बुटांचे मऊ खिळे बर्फावर कुचकामी आहेत.

वाऱ्याचा हिशेब करा. उणे २० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असला, तर उघड्या त्वचेला उणे ३३ अंशांसारखी थंडी लागते, आणि अशा थंडीत १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. एकमेकांची नाकं, कान आणि गाल तपासत राहा. त्वचा पांढरट, मेणचट दिसली आणि बधिर झाली तर खेळ तिथेच थांबवा, आडोशाला जा, ऊब द्या. चोळू नका, हिम तर मुळीच चोळू नका. ताजं हिम सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतं, म्हणून गडद चष्मा लावा आणि हनुवटीच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा.

फटके

सगळ्या फटक्यांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे पाय शांत ठेवणं. नेहमीसारखं वजन मागच्या पायावरून पुढे झोकून दिलं, की पाय सरकतो आणि क्लब चेंडूच्या आधी बर्फात. पाय किंचित जास्त फाकवा, गुडघे थोडे वाकवा, खांद्यांनी पाऊण स्विंग घ्या. जोर काढण्यासाठी लांब क्लब घ्या, मोठा स्विंग नको.

भुसभुशीत हिमात चेंडू रुतला असेल तर तो बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) फटका समजा. सँड वेजचं तोंड थोडं उघडा, चेंडूच्या दोन बोटं मागे हिमात शिरा आणि फटका पूर्ण करा. हिम चेंडूला उचलून बाहेर आणतं. हिम वाळूपेक्षा फार हलकं असतं, त्यामुळे वाळूइतका जोर लावला तर चेंडू लक्ष्याच्या पलीकडे जातो. उलट ओलं, जड हिम क्लबला घट्ट धरतं, तिथे जोर वाढवा. खेळण्याआधी बाजूला एक मोकळा स्विंग मारून हिम किती अडवतं ते हाताला समजू द्या.

पापुद्र्यावर खरी परीक्षा. चेंडू वर बसलेला असतो, पण पापुद्रा फुटला तर क्लब आत अडकतो. इथे खाली मारायचंच नाही. चेंडू दोन पायांच्या मधोमध ठेवा, हात किंचित पुढे, आणि हायब्रिडने चेंडू झाडल्यासारखा अलगद वेचून घ्या. कडक बर्फावरही हेच. फक्त क्लब हलक्या हाताने धरा, नाहीतर दणका थेट कोपरापर्यंत जातो.

चेंडू व्हाइटवरच टाकायचा हट्ट सोडा. टणक पृष्ठभागावर तो वीस-तीस मीटर अलीकडे पडला की उसळत, घरंगळत पोचतो. मात्र अलीकडे भुसभुशीत पट्टा असेल तर हा डाव फसतो. तेव्हा उंच मारून थेट वर टाकण्यावाचून गत्यंतर नाही. पटिंगला बसण्याआधी व्हाइटभोवती फेरी मारा आणि ऊन कुठल्या बाजूला पडलंय ते पाहा. उन्हातली बाजू संथ, सावलीतली वेगवान. पट हाणू नका. पटर लांब, सावकाश न्या.

सगळ्यात कामाची युक्ती फटक्यात नाहीच. दर वेळी एक जण पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते बघत असावा, फटक्याच्या रेषेपासून बाजूला. हिमात घुसलेल्या चेंडूचं भोक जवळ गेल्याशिवाय दिसत नाही आणि दोन पावलं चुकली तर बुटाखाली जातं. त्याने चेंडूपाशी लगेच छोटी काठी रोवली की शोधाशोध संपते.

खेळण्याआधी ठरवायचे नियम

पहिला फटका मारण्यापूर्वी हे मोठ्याने वाचून दाखवा. फेअरवेच्या पट्ट्यात चेंडू उचलून, पुसून, एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न नेता ठेवता येईल. रुतलेला चेंडू कुठेही असो, दंडाशिवाय वर ठेवता येईल. व्हाइटवर आपली रेषा झाडूने साफ करायला मुभा, पण चर कोरायला नाही. काट्यांच्या बुटांनी कोणी रेषा खरवडली तर ती सपाट करून द्यायची. औपचारिक नियमांत चेंडू शोधायला ३ मिनिटं मिळतात, ती इथेही पाळा. गोठत उभं राहण्यापेक्षा एक दंड बरा. हरवलेल्या चेंडूसाठी खेळाडूला मागे मारल्या जागी परत पाठवू नका, जिथे तो दिसेनासा झाला त्या जागेजवळ नवा चेंडू ठेवून एका फटक्याचा दंड घ्या. आणि कोणालाही थंडी सोसेना झाली, तर गुण न मोजता खेळ थांबेल.

आवरताना

निघताना प्रत्येकाने किती चेंडू आणले आणि किती परत आले ते मोजा. हिमात राहिलेला चेंडू वसंतात गवत कापण्याच्या यंत्राखाली येतो, तळ्यावरचा थेट तळाला जातो आणि तिथेच राहतो. पाडलेली भोकं हिमाच्या लगद्याने भरून वर खूण ठेवा, म्हणजे नंतर येणाऱ्या स्केटरचा किंवा मासेमाराचा पाय अडकणार नाही. झेंडे, झाडं, पिंपं, डबे सगळं काढून न्या. घरी आल्यावर क्लब लगेच पिशवीत बंद करू नका. दांड्यावर आणि ग्रिपखाली वितळलेलं पाणी राहतं, ते पुसून क्लब रात्रभर उघड्यावर उभे ठेवा.